काळं येत नाही, रंग मात्र चकाचक: क्लीनिंग थांबवा, आधी नोझल चेक वाचा

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात नंदनवनला राहणाऱ्या एक ताई घरूनच ऑनलाइन फॉर्म भरून देतात, शपथपत्रं आणि शाळेचे प्रकल्प छापून देतात. त्यांच्याकडे चार टाक्यांचा, एप्सनच्या एल-सिरीजमधला इंक टँक प्रिंटर आहे. एप्रिलअखेर त्या माहेरी गेल्या आणि जूनमध्ये परतल्या. प्रिंटर वरच्या टिनाच्या खोलीत होता, जाताना बोर्डावरचं बटण बंद केलं होतं. आल्यावर पाहतात तर निळा, लाल, पिवळा छान, काळं कोरं. सलग ७ वेळा हेड (शाईचे थेंब सोडणारा छिद्रांचा भाग) क्लीनिंग मारलं. पहिल्या दोन वेळा काळ्याच्या थोड्या रेषा आल्या, नंतर त्याही गेल्या. काळ्याची टाकी खालच्या रेघेच्याही खाली आहे, पण "तळाला शाई दिसते" असं त्या लिहितात. ओळखीच्या एकाने सांगितलं, हेड गेलं, नवीन घ्या. अकरावीच्या प्रवेशाचा, जातीच्या दाखल्यांचा सीझन तोंडावर आहे. घ्यावा का नवीन?

ताई, नवीन घेऊ नका, निदान या आठवड्यात तरी नाही. आणि आजपासून क्लीनिंगच्या बटणाला हात लावू नका.

बर्डीवर प्रिंटर दुरुस्त करता करता केस पांढरे झाले, त्या जोरावर सांगतो. तुमच्या पत्रातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: पहिल्या दोन क्लीनिंगला काही रेषा आल्या होत्या. हेड इलेक्ट्रिकल बाजूने मेलं असतं तर काळ्याचा पूर्ण चौकोन पहिल्यापासून कोराच राहिला असता. रेषा आल्या म्हणजे हेडला करंट जातोय, छिद्रं फुटतायत, फक्त मागून शाई येत नाही. आणि सातव्या वेळेपर्यंत त्याही रेषा गेल्या, याचा अर्थ क्लीनिंगने शाई नाही, हवा ओढली. टाकी खालच्या रेघेखाली असताना पंप चालवला की हेच होतं. ती रेघ शोभेला दिलेली नाही. तळाला शाई दिसत असली तरी नळीचं तोंड तिथे बुडालेलं असेलच असं नाही, आणि एकदा नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तो हेडपर्यंत चालत जातो.

शिवाय क्लीनिंग नक्की काय करतं ते समजून घ्या, म्हणजे सात वेळा मारूनही का उपयोग झाला नाही ते कळेल. प्रिंटर बंद असताना हेड उजव्या कोपऱ्यात एका रबरी कडेच्या वाटीवर बसतं. तिला आम्ही कॅपिंग म्हणतो. तिच्याखाली छोटा पंप असतो. क्लीनिंग म्हणजे त्या पंपाने वाटीतून शाई खेचायची. तुमच्यासारख्या मशीनमध्ये चारही रंग त्या एकाच वाटीवर येतात. चार स्ट्रॉ एकदम तोंडात धरून सरबत ओढलं आणि त्यातली एक चोंदलेली असेल, तर सरबत बाकीच्या तिघींतूनच येणार. तुमचंही तेच झालं. सात वेळा निळा, लाल, पिवळा गटारात गेला, आणि काळं जिथल्या तिथे.

गटार म्हणजे वेस्ट पॅड. क्लीनिंगची सगळी शाई मशीनच्या पोटातल्या स्पंजात जाते आणि मशीन त्याचा हिशोब ठेवतं. हिशोब भरला की दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि प्रिंटर चालायचं नाकारतो. मग लोक नेटवरून रिसेटचं सॉफ्टवेअर उतरवतात. त्यातली निम्मी व्हायरस घेऊन येतात, आणि खरं चाललंच तरी ते फक्त आकडा शून्यावर आणतं, स्पंज काही रिकामा होत नाही. काही महिन्यांनी टेबलावर शाईचं तळं दिसतं. पॅड बदलून रिसेट मारा, नुसता रिसेट मारू नका.

आता तुमचं काम. आज काळी शाई वरच्या रेघेपर्यंत भरा. कुठली शाई, ते खाली सांगतो. प्रिंटर सुरू करा, एक नोझल चेक (कुठल्या छिद्रातून शाई येते ते दाखवणारं चाचणीचं पान) काढा, तो कागद जपून ठेवा आणि मशीनच्याच बटणाने बंद करा. मग १२ तास काहीही नाही. रात्री केलं तर सकाळपर्यंत. एप्सनच्या एल-सिरीजच्या पुस्तिकेतही हेच लिहिलंय: नोझल चेक आणि क्लीनिंग तीनदा करून फरक पडला नाही तर किमान १२ तास मशीन बंद ठेवा, मग पुन्हा पाहा. लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. पण तेवढ्या वेळात नळीतले बारीक बुडबुडे वर चढतात आणि वाळलेली शाई ओल्या शाईत थोडी विरघळते. माझ्याकडे येणाऱ्या अशा बऱ्याच मशीनना पहिल्या रात्री मी फक्त शाई भरून झाकून ठेवतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा काही करून नाही राहिला.

सकाळी नोझल चेक काढा आणि तो नीट वाचा. चष्मा लावून. कागदावर प्रत्येक रंगाच्या बारीक बारीक आडव्या रेषा पायऱ्यांसारख्या उतरलेल्या दिसतील. एक रेष म्हणजे हेडचं एक छिद्र. एल ३११० सारख्या मशीनमध्ये काळ्याला १८० छिद्रं आहेत आणि प्रत्येक रंगाला ५९. म्हणून काळ्याचा भाग मोठा दिसतो आणि त्याचीच तक्रारही जास्त येते. रात्रीचा कागद आणि सकाळचा कागद शेजारी ठेवा. दोन्हीकडे त्याच त्याच जागच्या रेषा गायब असतील तर ती छिद्रं वाळलीत, म्हणजे चोक. गायब रेषांची जागा बदलली असेल, काल वरच्या नव्हत्या आणि आज मधल्या नाहीत, तर नळीत किंवा डॅम्परमध्ये हवा आहे. डॅम्पर म्हणजे हेडच्या डोक्यावर बसवलेली छोटी प्लास्टिकची डबी, नळीतून आलेली शाई तिच्यात थांबून मग हेडमध्ये उतरते. आणि नोझल चेक पूर्ण येतो पण पानभर मजकूर छापला की चौथ्या-पाचव्या ओळीपासून काळं फिकं होत जातं, तर शाईचा पुरवठा कमी पडतोय: टाकीचा हवेचा मार्ग बंद, नळी दबलेली, किंवा डॅम्परची जाळी शाईच्या गाळाने भरलेली. या तीन रोगांवर एकच क्लीनिंगचं औषध देणं म्हणजे पैसे जाळणं.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज हवेचा आहे. सकाळच्या कागदावर काळ्याच्या थोड्याही पायऱ्या परतल्या असतील तर एक क्लीनिंग करा, एकच, आणि पुन्हा चेक काढा. सुधारणा दिसली तर अजून एक. नाही दिसली तर पॉवर क्लीनिंग. हे साध्या क्लीनिंगपेक्षा कितीतरी जास्त शाई ओढतं, सगळी नळी धुऊन काढतं. त्यासाठी चारही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर आज काळ्यात हवा आहे, उद्या पिवळ्यातही येईल. आणि दोन पॉवर क्लीनिंगमध्ये पुन्हा १२ तासांचं अंतर. कॉम्प्युटरवर प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये मेंटेनन्सचं पान उघडलं की हे सगळं सापडतं.

पॉवर क्लीनिंगच्या आधी मात्र एक तपासणी करा. ती दोन मिनिटांची आहे आणि हजारो रुपये वाचवते. पंप ओढतोय का, हे पाहायचं. झाकण उघडा, प्रिंटर सुरू करा, हेड कोपऱ्यातून निघून मध्ये आलं की प्लग काढा. आता हेड हाताने अलगद सरकतं. अडलं तर जोर लावू नका. उजवीकडची वाटी उघडी दिसेल. तिच्यात मऊ स्पंज असतो. सुईविना सिरिंजने तिच्यात डिस्टिल्ड वॉटरचे थेंब सोडा, काठोकाठ भरेपर्यंत, बाहेर सांडू देऊ नका. हेड परत उजवीकडे सरकवा, प्लग लावा, एक साधं क्लीनिंग करा आणि पुन्हा तसंच उघडून पाहा. पाणी गेलं असेल तर पंप ठीक आहे. पाणी तसंच असेल तर शंभर क्लीनिंग केल्या तरी काळं येणार नाही, कारण ओढणाराच झोपलाय. वाटीची रबरी कड पाहा: तिच्यावर वाळलेल्या शाईचा थर, कागदाचा तुकडा, केस, काहीही असलं तरी हवा मधून शिरते आणि ओढ तुटते. कापसाची काडी त्याच पाण्यात भिजवून कड पुसून घ्या. दीड-दोन महिने टिनाखाली राहिलेल्या मशीनमध्ये ही कड हमखास खडबडीत झालेली असते.

हीच वाटी चोक झालेल्या हेडलाही कामी येते. तिच्यात थेंब भरायचे, हेड वर बसवायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं. छिद्रं खालून भिजत राहतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला क्षार हेडमध्ये बसला की वेगळीच कटकट. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, फक्त बाटलीवर नीट वाचा, शेजारीच ॲसिडची बाटली ठेवलेली असते. काच पुसायचं निळं लिक्विड, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यातलं काही नको. व्हिडिओत लोक सिरिंजने हेडमधून पाणी दाबून काढताना दिसतात. ते घरी करू नका. हेड पातळ थरांचं चिकटवलेलं असतं, दाब जास्त झाला की आतून सुटतं आणि मग काळ्यात निळा मिसळायला लागतो.

हे सगळं तुमच्या जातीच्या मशीनचं. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये पिझो असतो: करंट मिळाला की तो वाकतो आणि थेंब ढकलतो. कॅनन आणि एचपीमध्ये बारीक हीटर असतो, शाई क्षणभर उकळून बुडबुडा तयार होतो आणि तो थेंब बाहेर फेकतो. त्या हीटरला शाईच थंड ठेवते. म्हणून कॅनन-एचपीवाल्यांनी काळी शाई संपलेली असताना "बघू, अजून एखादं पान निघतं का" असं करत छापत राहू नये. हीटर कोरडा जळतो आणि मग धुऊन, पुसून काही होत नाही. उलट त्यांची एक सोय आहे: कार्ट्रिजच्या छोट्या मशीनमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं, आणि कॅननच्या जी-सिरीजच्या टाकीवाल्या मशीनमध्येही काळ्याचं हेड सुटं बदलता येतं. अशा कार्ट्रिजसाठी टिश्यू पेपरची घडी कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओली करून बशीत ठेवा आणि कार्ट्रिज फक्त छिद्रांच्या बाजूने त्यावर काही मिनिटं टेकवा. घासायचं नाही. मग कोरड्या टिश्यूवर दाबा. काळी, सरळ, कडा धारदार असलेली पट्टी उमटली तर हेड मोकळं झालं. कार्ट्रिजवरचे तांब्याचे ठिपके, जिथून करंट जातो, ते कोरडे ठेवा. आणि नवीन कार्ट्रिज घेतल्यावर काळं येत नसेल तर आधी पाहा, छिद्रांवरची पारदर्शक टेप काढली का. हसू नका, दर महिन्याला असं एक तरी येतंच.

आता एक गोष्ट, जी तुमची नाही पण हे वाचणाऱ्या अर्ध्या लोकांची असेल. नोझल चेक शंभर टक्के पूर्ण, आणि तरीही वर्डमधलं काळं येत नाही किंवा तपकिरी येतं. मग प्रिंटर निर्दोष आहे, घोळ सेटिंगमध्ये आहे. कॅननच्या जी-सिरीजसारख्या मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची (बारीक कण तरंगणारी) असते, रंग डायचे (पूर्ण विरघळलेले). पिगमेंट गुळगुळीत फोटो पेपरवर नीट बसत नाही. म्हणून सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडलेला असेल तर मशीन काळी टाकी वापरतच नाही, तीन रंग मिसळून काळं तयार करतं. पोराचा वाढदिवसाचा फोटो छापला, सेटिंग तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्जाची अक्षरं चॉकलेटी. प्लेन पेपर निवडा, संपलं. याचाच उलटा उपयोग अडीअडचणीला होतो: काळं हेड बंद असताना मुद्दाम फोटो पेपर निवडून साध्या कागदावर मजकूर काढून घ्यायचा. एचपीच्या दोन कार्ट्रिजच्या बऱ्याच मशीनमध्ये काळं कार्ट्रिज काढून ठेवलं तर रंगीत कार्ट्रिजवर काम चालतं. तुमच्या मशीनसाठी साधा उपाय: काळं सुरू होईपर्यंत मजकुराचा रंग गडद निळा करा. अर्जाला चालतं, झेरॉक्सही नीट निघते.

कॉम्प्युटर की प्रिंटर, हा संशय असेल तर काचेवर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून थेट कॉपीचं बटण दाबा. कॉपीत काळं आलं तर कॉम्प्युटर पाहा. फक्त लक्षात ठेवा, कॉपी कोरी आली आणि नोझल चेक पूर्ण असेल तर दोष स्कॅनरचा आहे, शाईचा नाही.

शाईबद्दल. तुमच्या छोट्या एल-सिरीजमध्ये काळी शाईही डायच असते. बाजारात लिटरवर सुटी "सगळ्या प्रिंटरला चालते" अशी काळी मिळते. ती कोणाच्या मशीनला चालते हे ती विकणाऱ्यालाच माहीत. डायच्या टाकीत पिगमेंट गेलं की दोन्ही मिळून चोथा होतो आणि डॅम्परच्या जाळीत बसतो. ओरिजिनल घ्या, किंवा कम्पॅटिबल घ्यायचीच असेल तर बाटलीवर तुमच्या मॉडेलचा नंबर आणि डाय असं छापलेलं पाहून घ्या, आणि टाकीत आधीची शाई कोणती होती ते आठवा.

टिनाच्या खोलीचं बोलायलाच हवं. एप्सनच्या या मशीनना छपाईसाठी १० ते ३५ डिग्री तापमान आणि २० ते ८० टक्के ओलावा लागतो, हे त्यांनीच छापलंय. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं, आणि तेही सावलीतलं. मे महिन्यातल्या दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांखाली जाणं नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आधीपासूनच चालू असतं. टिनाखाली तर विचारूच नका. म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाचा "महिनाभर बंद होता, काही झालं नाही" हा अनुभव आपल्याला लागू नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा चारही रंगांचं एक छोटं पान काढा. गावाला जाताना प्रिंटर खालच्या खोलीत आणा. कूलरच्या सरळ झोतातही ठेवू नका, हेडला नाही पण कागदाला त्रास होतो: ओला कागद दोन-दोन पानं ओढतो आणि अक्षर पसरतं.

आणि बोर्डाचं बटण. मशीनच्या बटणाने बंद केलं की हेड आधी वाटीवर जाऊन बसतं, झाकलं जातं, मग दिवा विझतो. बोर्डावरून बंद केलं आणि हेड त्या वेळी मध्ये कुठे असलं तर ते उघडंच राहतं. दुपारी छापताना लाइट गेली तरी तेच. लाइट आल्यावर काम नसलं तरी मशीन एकदा सुरू करा, हेड कोपऱ्यात जाऊ द्या, मग त्याच्या बटणाने बंद करा. तुमचा प्रिंटर दीड-दोन महिने उघड्या हेडने पडून होता असं मला वाटत नाही. तसं असतं तर तिन्ही रंगही गेले असते. पण पुढच्या वेळी जाऊ शकतात.

दुरुस्तीला द्यायची वेळ कधी येते? पंप ओढतोय, टाकी भरलेली आहे, १२ तासांच्या अंतराने दोन पॉवर क्लीनिंग झाल्या, वाटीत एक रात्र भिजवलं, तरी काळ्याची एकही पायरी नाही. मग डॅम्पर आणि नळी आधी तपासायला सांगा, हेड शेवटी. हेडच्या चपट्या केबलच्या टोकाला शाई ओघळून शॉर्ट झालेलं कधी कधी असतं, ते उघडल्याशिवाय कळत नाही. "हेड गेलं" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, कशावरून? त्याने काळ्याची नळी काढून शाई येते का ते पाहिलं असेल तर त्याचं ऐका. नुसतं वरून पाहून सांगत असेल तर मशीन उचला आणि दुसरीकडे न्या. आणि नेताना आडवं-तिरपं करू नका, ऑटोत मांडीवर सपाट ठेवा, टाक्यांची झाकणं घट्ट लावा. जुन्या एल-सिरीजमध्ये नळी बंद करायचा ट्रान्सपोर्ट लॉक बाजूला असतो. तुमच्याकडे तो असेल तर आत्ताच पाहा, छपाईच्या खुणेवर आहे ना. तो लॉकवर राहिला तरी शाई अडतेच.

आज रात्रीचा आणि उद्या सकाळचा, दोन्ही नोझल चेकचे फोटो उजेडात, सरळ वरून काढून पाठवा. कागदावर तारीख आणि वेळ पेनाने लिहा, नाहीतर कोणता आधीचा तेच कळत नाही.